मांजरा यानावरचे हुद्दे

बायकोनं लिहिलेल्या एकांकिकेत आपल्याला काम नाही ही बातमी बसलिंगप्पा हुडगे यांना चहा गाळता गाळता समजली, आणि बरीचशी चहापूड गाळणीच्या कडेवरून थेट कपात गेली.

"पात्रं ठरली," महानंदा म्हणाली. "उमादेवी कॅप्टन, साहेबराव इंजिनवाले, निवृत्तीराव डॉक्टर. तुम्ही तेवढे बिल्ले बघा."

"कसले बिल्ले?"

"यानातल्या लोकांच्या खांद्यावरचे. अंतराळ पहारा दलाचं यान आहे ना? कोण कॅप्टन, कोण कोण, हे मागच्या रांगेतल्या माणसाला पण कळलं पाहिजे. साधंच काहीतरी करा."

हे 'साधंच काहीतरी' बसलिंगप्पांना लागलं. माणूस पाटबंधारे खात्यातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला. हुद्दा, श्रेणी, प्रभार, ज्येष्ठता हे विषय त्यांच्या तोंडपाठ. असल्या माणसाला बायको बिल्ले बघायला सांगते, आणि वरून म्हणते साधेच करा! खरं तर त्यांना कॅप्टनचं काम मिळेल असं वाटलं होतं. आरशासमोर उभं राहून त्यांनी एकदोनदा लांबवर नजर लावूनही पाहिली होती, शनी असेल त्या बाजूला. पण महानंदानं शाळेत विज्ञान शिकवण्यात उभी हयात काढली होती. वर्गात कुणाला उभं करायचं आणि कुणाला बसवायचं हे तिला विचारावं लागत नसे. शिवाय ही तिची पहिलीच एकांकिका. नांदेडच्या हौशी एकांकिका स्पर्धेत तिची प्रवेशिका मंजूर झाल्यापासून ती घरात गुणगुणत फिरत होती, आणि ती गुणगुणताना तिच्याशी वाद घालणं बसलिंगप्पांना कधीच जमलं नव्हतं.

तर बिल्ले. बसलिंगप्पा टेबलाशी बसले आणि त्यांनी मूळ प्रश्नाला हात घातला. अंतराळातलं दल झालं तरी शेवटी दलच. तिथं गुरुत्वाकर्षण नसेल, पण सेवाज्येष्ठता असणारच. यानात माणसं तरंगत असतील तर उलट हुद्द्याची जास्तच गरज, कारण वर कोण आणि खाली कोण हे नुसतं बघून कळणार नाही. हा विचार त्यांचा त्यांनाच इतका पटला की जेवणाच्या वेळेपर्यंत अंतराळ पहारा दलाची पूर्ण रचना तयार झाली. कॅप्टनला तीन चांदण्या, डॉक्टरला दोन, इंजिनवाल्याला एक. एकांकिकेची वही शेजारीच पडलेली होती. ती उघडून बघावी असं त्यांना वाटलं नाही. बिल्ल्यांचा आणि मजकुराचा काय संबंध?

संध्याकाळी लातूरच्या कैलास हाउसिंग सोसायटीच्या फळ्यावर एक टंकलिखित कागद लागला. "विषय : अंतराळ पहारा दल, 'मांजरा' यान. पदनिहाय बिल्ले व चिन्हे निश्चित करणेबाबत." खाली पदं, चिन्हं, शेरा असे रकाने. आणि सगळ्यांत शेवटी, निव्वळ सवयीनं, "हरकती व सूचना असल्यास कळवाव्यात."

ही शेवटची ओळ नसती तर पुढचं रामायण टळलं असतं.

पहिली हरकत साहेबरावांची. साहेबराव एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. आवाज असा की गच्चीवरून हाक मारली तर कोपऱ्यावरची रिक्षा थांबावी.

"आप्पा, इंजिनवाल्याला एक चांदणी आन् कॅप्टनला तीन?" ते दारातूनच म्हणाले. "गाडी कोण चालवून राहिलंय?"

"साहेबराव, कॅप्टन हा विभागप्रमुख आहे."

"असू द्या की. मी ब्रेक न्हाई लावला तर इभागप्रमुख जाऊन शनीवर आदळंल. एसटीत असताना छातीवर पितळी बिल्ला होता माझ्या. लोक आधी बिल्ल्याकडं बघायचे, मग माझ्याकडं. आता आभाळात चाललो तर एक चांदणी? खाली उभं राहून बघितलं तरी हजार दिसत्यात."

बसलिंगप्पांनी कागद पुढं ओढला. त्यांनी साहेबरावांची एक चांदणी वाढवली. त्याबरोबर डॉक्टर झालेले निवृत्तीराव आले. हे सोसायटीचे सचिव. त्यांचं म्हणणं, इंजिनवाला आणि डॉक्टर एका पातळीवर कसे? कॅप्टनला चक्कर आली तर तिला इंजिनवाला गोळी देणार का? बसलिंगप्पांनी डॉक्टरलाही बढती दिली. मग उमादेवी आल्या. उमादेवी महिला भजनी मंडळात पुढं बसून गाणाऱ्या. महानंदानं त्यांना कॅप्टन केलं ते त्यांच्या खड्या आवाजामुळं. त्या तक्रार करायला आल्याच नव्हत्या, असं त्या बसता बसता म्हणाल्या.

"मला काही नको बगा, आप्पा. पण माझ्या जावेचा भाऊ फौजदार हाय. त्याला दोन चांदण्या. मग अख्ख्या यानाच्या कॅप्टनला तीनच? आन् तुम्ही तो गॅरेजवाल्यांसारखा निळा डगला घालायला लावणार. पदर न्हाई म्हणल्यावर खांद्यावर काहीतरी भारी नको का?"

कॅप्टन वर सरकली, की खालची सगळी मंडळी आपोआप वर सरकायला लागली. ऑफिसात अशा वेळी वित्त विभाग म्हणून एक खातं असतं, ते सगळं अडवून धरतं. अंतराळ पहारा दलात ते खातं नव्हतं. आठवडा संपेपर्यंत कॅप्टनच्या एकेका खांद्यावर इतक्या चांदण्या झाल्या, की त्या मावण्यासाठी खांद्याची पट्टी दंडाच्या बाहेर वीतभर काढावी लागणार होती.

महानंदानं कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "अहो, हे लोक पृथ्वी सोडून चाललेत की पृथ्वी ताब्यात घ्यायला?"

"शिस्त म्हणून काही असते," बसलिंगप्पा म्हणाले.

आता चांदण्या आणायच्या कुठून? बाजारात गणवेशाच्या सामानाचं एक दुकान होतं. मालकाचं नाव श्रीमंत. शिट्ट्या, पट्टे, टोप्या, बूट, सगळं तिथं मिळायचं. श्रीमंतनं चांदण्यांची मागणी ऐकली आणि हातातली मोजपट्टी खाली ठेवली.

"ओळखपत्र दाखवा, काका. चांदण्या आम्ही ओळखपत्राबगैर देत न्हाई. कोणतं खातं?"

"अंतराळ."

श्रीमंतनं थोडा विचार केला. "ते कलेक्टर ऑफिसच्या आवारातच हाय का?"

"अंतराळ, अंतराळ! वर!" बसलिंगप्पांनी छताकडं बोट दाखवलं.

"वर म्हणजे मुंबईला का?"

शेवटी श्रीमंत एवढंच म्हणाला की कार्यालयाचं पत्र आणा. पत्र ही बसलिंगप्पांच्या हातची गोष्ट होती. त्यांनी सोसायटीच्या छापील कागदावर लिहून दिलं : "या कार्यालयाच्या अधिपत्याखालील अंतराळ पहारा दलातील अधिकाऱ्यांसाठी सोबतच्या विवरणपत्रानुसार चांदण्यांचा पुरवठा व्हावा." खाली सही, आणि निवृत्तीरावांकडून आणलेला सोसायटीचा शिक्का. श्रीमंतनं पत्र दोनदा वाचलं. शिक्का बघून त्याचं समाधान झालं. चांदण्या मिळाल्या, काळ्या मखमलीच्या पट्ट्याही त्यानं शिवून दिल्या. पण बसलिंगप्पा दुकानातून बाहेर पडल्यावर त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यानं पत्राचा फोटो काढला आणि ओळखीच्या हवालदाराला पाठवला. सोबत एवढंच विचारलं, "साहेब, हे नवीन निघालं का?"

दुसऱ्या बाजूनं निवृत्तीरावांनी फळ्यावरच्या कागदाचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. तो तिथून कुणाच्या मेहुण्याकडं गेला, मेहुण्याकडून एका अभ्यासिकेच्या गटावर, आणि प्रत्येक मुक्कामाला त्यात थोडी भर पडत गेली. "अंतराळ पहारा दल, लातूर विभाग" इथपर्यंत ठीक होतं. पुढं कुणीतरी "पदे भरणे" असं जोडलं. शेवटी तर "संपर्क : मा. बसलिंगप्पा साहेब" असंही आलं. फोटोवर कुणी तिरंगाही लावला.

रविवारी सकाळी महानंदा तालमीसाठी गच्चीवर गेली होती. घरात कुणी नाही असं बघून बसलिंगप्पांनी कॅप्टनच्या दोन्ही पट्ट्या स्वतःच्या सदऱ्यावर टाचणीनं लावल्या. यात वावगं काही नव्हतं. पट्ट्या वजनानं झुकतात का, हे कुणीतरी तपासायलाच हवं होतं. आरशात त्यांना एक रुबाबदार गृहस्थ दिसला. तो जरा बाजूला वळला, हनुवटी वर केली, आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

दारात पोरं उभी होती. जिन्यावर पोरं होती. खाली फाटकापर्यंत पोरं होती. हातात प्लास्टिकच्या फायली, खिशात फोटो. बसलिंगप्पांचे खांदे बघताच पुढच्यानं ताडकन सलाम ठोकला, आणि तो सलाम जिन्यावरून खाली फाटकापर्यंत उतरत गेला.

"जय हिंद सर! शिरूर अनंतपाळहून आलो. ग्राउंड कधी हाय?"

"कसलं ग्राउंड?"

"धावायचं, सर."

"अंतराळात धावत नाहीत," बसलिंगप्पांच्या तोंडून निघून गेलं.

"मग निस्ती लेखीच हाय का?" पोराचा चेहरा उजळला. मागं कुजबुज पसरली, लेखीच हाय, लेखीच हाय.

जळकोटहून आलेली अंजू नावाची मुलगी पुढं सरली. "सर, मुलींना उंचीत सवलत हाय का? मी दोनदा उंचीतच गेले."

बसलिंगप्पांनी तिच्याकडं बघितलं. तिच्या हातातली फाइल नीट लावलेली होती, एकेक प्रमाणपत्र स्वतंत्र खणात. पहाटेच्या गाडीनं आली असणार. आयुष्यभर त्यांनी लोकांना 'उद्या या' म्हटलं होतं, पण आज तेही म्हणता येईना. त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं. जेवढे मावले तेवढे दिवाणखान्यात बसले, बाकीचे जिन्यावर. हे नाटक आहे, भरती नाही, असं त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली. पण खांद्यावर एवढ्या चांदण्या असलेला माणूस 'भरती नाही' म्हणतो, याचा अर्थ पोरांनी 'भरती गुपचूप आहे' असा काढला.

नेमकं त्याच वेळी पोलिसांची जीप फाटकात उभी राहिली.

उपनिरीक्षक बुद्धप्रिया वाघमारे वयानं तरुण, बोलणं थोडकं. त्यांनी जिन्यावरच्या फायली पाहिल्या, बसलिंगप्पांचा डावा खांदा पाहिला, मग उजवा. स्वतःच्या दोन चांदण्यांकडं त्यांचं नकळत लक्ष गेलं.

"काका, बोगस भरती कधीपासून करून राहिलात?"

"मॅडम, हे नाटक आहे!"

"सगळे हेच म्हणतात. चला ठाण्यात."

कैलास सोसायटीच्या इतिहासात जीपमधून गेलेला पहिला माणूस म्हणजे बसलिंगप्पा. घाईत पट्ट्या काढायच्या राहून गेल्या. त्यामुळं झालं असं, की रस्त्यावरच्या लोकांना कुणीतरी फार मोठा अधिकारी पोलीस बंदोबस्तात चाललाय असं वाटलं, आणि चौकातल्या वाहतूक हवालदारानं त्यांना कडक सलाम केला. बसलिंगप्पांनी तो मान झुकवून स्वीकारला. दुसरं काय करणार?

ठाण्यात बुद्धप्रिया मॅडमनी फळ्यावरचा कागद आणि श्रीमंतला दिलेलं पत्र समोर ठेवलं. "या कार्यालयाच्या अधिपत्याखालील... कोणतं कार्यालय हो?"

"सोसायटीचं. ते लिहायची पद्धत असते, मॅडम."

"बरं. नाटक आहे म्हणता. नाटकात काय आहे?"

खोलीत पंखा फिरत होता. बसलिंगप्पा विचार करू लागले. यान आहे, हे त्यांना माहीत होतं. यानाचं नाव मांजरा. कॅप्टन आहे. पण ते यान कुठं जातं, कशाला जातं, परत येतं का? घामाचा एक थेंब कानामागून कॉलरीत उतरला.

"नाटकात..." ते म्हणाले, "हुद्दे आहेत."

"आणि?"

"डॉक्टर आणि इंजिनवाला यांच्यात थोडा तणाव आहे."

मॅडमनी लिहायचं पेन खाली ठेवलं. "काका, तुमच्या मिसेसनी लिहिलेलं नाटक आहे ना?"

एवढ्या वर्षांच्या नोकरीत साहेबांनी झापलेलं होतं, कंत्राटदारांनी धमकावलेलं होतं. पण या साध्या प्रश्नानं त्यांचा चेहरा जसा उतरला तसा कधी उतरला नव्हता.

तेवढ्यात महानंदा आली. सोबत साहेबराव आणि उमादेवी, दोघंही गॅरेजवाल्यांच्या निळ्या डगल्यात, तालमीतून तसेच उठून आलेले. महानंदानं वही छातीशी धरली होती.

"तुमचे मिस्टर म्हणतात, नाटकात हुद्दे आहेत," मॅडम म्हणाल्या.

महानंदानं नवऱ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. त्यानंच त्यांना जास्त ओशाळल्यासारखं झालं. तिनं वही टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. उभ्यानंच सांगू लागली, वर्गात सांगत असेल तशी.

"पुढच्या काळातलं लातूर. मांजरा नदी आटलेली आहे, धरणाच्या तळाला भेगा पडल्यात. आगगाडीनं पाणी आलेलं आपण पाहिलंय. पण आता आणायचं तरी कुठून, सगळीकडंच कोरड. तर अंतराळ पहारा दलाचं एक यान शनीकडं निघतं. शनीच्या कड्यांमध्ये बर्फच बर्फ आहे, मॅडम, हे खोटं नाही. तो बर्फ ओढून आणायचा. लातूरची माणसं निघालीत बर्फ आणायला. बर्फ घेऊन परत फिरतात, आणि अर्ध्या वाटेत दुसऱ्या एका यानाची हाक येते. त्यांच्याकडचं पाणी संपलंय. कॅप्टनला खालून हुकूम आहे, लातूरशिवाय एक थेंब कुणाला द्यायचा नाही."

"मग?" मॅडम म्हणाल्या.

दारात दोन शिपाई येऊन उभे राहिले होते. तक्रार द्यायला आलेला एक माणूस मोबाइल बंद करून ऐकत होता.

"मग कॅप्टन इंजिनवाल्याला म्हणते, यान थांबवू नका. आणि इंजिनवाला म्हणतो, ब्रेक माझ्या हातात आहे." साहेबरावांनी इथं जरा छाती पुढं काढली. "पुढचं आता नांदेडला."

"अहो, असं कसं?" तक्रार द्यायला आलेला माणूस म्हणाला.

बसलिंगप्पांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली होती. त्यांना खरोखरच पुढचं माहीत नव्हतं, आणि या खोलीतल्या कुणाहीपेक्षा त्यांना ते जाणून घ्यायचं होतं.

मॅडमनी प्रकरण मिटवलं. मात्र एक गोष्ट ठामपणे सांगितली. "चांदण्या काढा. त्या आमच्या खांद्यावर असतात, बघणारा फसतो. दुसरं काहीही लावा." मग त्या स्वतः जीपमधून सोसायटीत आल्या. जिन्यावर अजून थांबलेल्या पोरांना त्यांनी भरतीची खरी जाहिरात कुठं बघायची ते सांगितलं, आणि अंजूला बाजूला घेऊन उंची न लागणाऱ्या परीक्षा कोणत्या, त्या लिहून दिल्या. उमादेवींनी तोवर मोठं पातेलं भरून सुशीला केला होता. मुरमुऱ्यांचा तो ढीग पोरांनी बघता बघता संपवला. जाताना शिरूर अनंतपाळचा पोरगा म्हणाला, "सर, निघाली जागा तर कळवा बरं का," आणि बसलिंगप्पा मनापासून "नक्की" म्हणून बसले.

दुपारी त्यांनी वही उघडली. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभ्यानंच वाचू लागले. बसायचं सुचलं नाही. वरण उतू गेलं, मग करपलं. महानंदा आत आली, तिनं गॅस बंद केला आणि ती बाहेर गेली. शेवटचं पान झाल्यावर ते दाराशी आले.

"महानंदा, चांदण्या मुळातच चूक होत्या."

"मी कुठं म्हटलं होतं चांदण्या करा?"

"थेंब पाहिजेत. पाण्याचे थेंब. ज्याचा हुद्दा मोठा त्याच्यावर जास्त पाण्याची जबाबदारी."

महानंदा हसली. बऱ्याच दिवसांनी नवऱ्यानं डोक्यातलं बोलून दाखवलं, तेही फळ्यावर न लावता.

थेंब बनवायला मात्र वेळ उरला नव्हता. पत्र्याचे कापायला गेले तर कडा बोचायच्या, कागदाचे केले तर चुरगळायचे. शेवटी उमादेवींनीच तोड काढली. बांगड्यांच्या दुकानात थेंबाच्या आकाराच्या मोठ्या टिकल्या मिळतात, निळ्या, चमचमणाऱ्या. पाठीमागं डिंक लावलेलाच असतो. बसलिंगप्पा स्वतः दुकानात गेले. दुकानदारीणबाईंनी एवढ्या टिकल्या कुणासाठी म्हणून विचारलं, तर ते ताठ मानेनं म्हणाले, "अधिकाऱ्यांसाठी."

नांदेडला त्यांचा प्रयोग सकाळच्या सत्रात होता. सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. टिकल्या मखमलीवर अशा चमकत होत्या, की पडदा उघडताच पुढच्या रांगेतून 'वा' असा आवाज आला. विंगेत उभ्या बसलिंगप्पांनी हाताची घडी घातली. पण नाटकाच्या दिव्यांची धग काय असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. टिकलीचा डिंक कपाळाच्या बेतानं केलेला असतो, मखमलीच्या आणि धगीच्या बेतानं नाही.

पहिला थेंब डॉक्टरच्या खांद्यावरून घरंगळला. कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसरा साहेबरावांच्या मिशीत अडकला. प्रेक्षकांत खसखस पिकली. बसलिंगप्पांनी डोळे मिटले. नेमका तो क्षण येत होता. हाक मारणारं दुसरं यान, कॅप्टनचा हुकूम.

"या यानावरचा थेंबनथेंब लातूरचा आहे!" उमादेवी कडाडल्या आणि त्यांनी खांद्यावर थाप मारली. त्या थापेसरशी खांद्यावरचे उरलेसुरले थेंब सगळे निसटले आणि रंगमंचावर टपटप पडले. सभागृह हसलं. मोठ्यानं हसलं.

बसलिंगप्पांनी डोळे उघडले तेव्हा महानंदा त्यांच्या शेजारी उभी होती. तिनं त्यांचा दंड धरला होता. तिचं पहिलं नाटक त्या टिकल्यांबरोबर खाली पडलं होतं आणि त्या लावल्या होत्या त्यांनी.

उमादेवी मात्र उभ्या होत्या. देवळात भजन चालू असताना वीज गेली, पेटी बिघडली, कुणाचं पोर रडायला लागलं, तरी ज्यांचा सूर कधी हलला नाही त्या या बाई. त्यांनी खाली बघितलं. हसणं ओसरेपर्यंत बघतच राहिल्या. मग हळूच वाकून त्यांनी एक थेंब उचलला, दिव्याकडं धरला, आणि अगदी खालच्या आवाजात पुढचं वाक्य म्हटलं. ते महानंदाच्या वहीतलंच होतं, पण आता ते दुसरंच काही झालं होतं.

"आन् तहान? ती कुठल्या गावची असती?"

त्यांनी तो थेंब साहेबरावांच्या खांद्यावर लावला. साहेबराव वहीत नसलेलं काही करण्याच्या भानगडीत कधी पडत नसत, पण त्यांनीही वाकून एक थेंब उचलला आणि हात लांब करून, तिकडं कुठंतरी, दुसऱ्या यानाकडं धरला. मघाशी मोठ्यानं हसलेली मागची रांग मान उंच करून बघू लागली. पडदा पडला तेव्हा यानावर कोण मोठं आणि कोण लहान हे कुणालाच सांगता आलं नसतं. टाळ्या आधी विंगेतून सुरू झाल्या, हे नियमाला धरून नव्हतं.

परीक्षकांपैकी एक बाई आत आल्या. "थेंब गळून पडण्याची कल्पना कुणाची?"

"आमच्या ह्यांची," महानंदा म्हणाली.

"त्याचं असं आहे, तो डिंक..." बसलिंगप्पांनी खुलासा सुरू केला. महानंदानं त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी खुलासा मागं घेतला.

जेवणं करून मंडळी परतीला निघाली. भाड्याची क्रूझर, ड्रायव्हर मल्लेश. प्रयोगाच्या वेळी तो बिचारा गाडीत झोपला होता, तो शेवटच्या टाळ्यांनीच जागा झाला. उमादेवी, साहेबराव आणि निवृत्तीराव मागं, महानंदा खिडकीशी डोळे मिटून, बसलिंगप्पा पुढं मल्लेशच्या शेजारी.

"काका," गाडी सुरू करता करता मल्लेश म्हणाला, "एवढे समदे टाळ्या वाजवत होते. होतं काय नाटकात?"

बसलिंगप्पा सावरून बसले. "ऐक. पुढच्या काळातलं लातूर. मांजरा आटलीय..."

त्यांनी धरणाच्या भेगा सांगितल्या, त्या त्यांच्या ओळखीच्या होत्या. यान सांगितलं, शनीची कडी सांगितली, हातवारे करून बर्फ ओढून दाखवला. महानंदानं लिहिलेल्या ओळी त्यांना पाठ झाल्या होत्या हे त्यांचं त्यांनाच आत्ता कळत होतं. मल्लेशचं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि पुरतं लक्ष शनीवर. महानंदाचे डोळे मिटलेलेच होते, पण ओठ हलत होते.

यान अर्ध्या वाटेवर आलं, दुसऱ्या यानाची हाक आली. तेवढ्यात उमादेवींनी बाहेर बघितलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, लांबच लांब.

"अवं, लातूरच्या वाटंला केळी कधीपासून लागल्या? हे तर अर्धापूर!" पुढं रस्त्यावर हिरवी पाटी आली. "हदगाव म्हणून राहिलीय की ती! मल्लेश, उलटं चालवलंस रे बाबा!"

मल्लेशनं ब्रेकवर पाय ठेवला. बसलिंगप्पा थबकले, ओशाळून मागं वळले.

महानंदानं डोळे उघडले नाहीत.

"चालू दे, मल्लेश," ती म्हणाली. "वळायला पुढं जागा मिळंल. आधी ह्यांचा बर्फ पोचू दे."